पाव इंचाचा बाजार

२०१८ च्या वसंतात ओहायोतल्या एका बंदुकांच्या दुकानात मी एका सहकाऱ्याबरोबर गेलो होतो. गिऱ्हाईक तो, मी नुसता सोबतीला. काउंटरमागच्या माणसानं काचेवर रबरी चटई पसरली आणि दोन पिस्तुलं काढली. दोन्हींची मॅगझिनं, म्हणजे काडतुसांच्या डब्या, बाहेर काढली, वरची स्लाइड मागे ओढून अडकवली, चेंबर रिकामा आहे हे आम्हाला दाखवलं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. डावीकडे ग्लॉक ४३, उजवीकडे सिग सावरचं नवंकोरं पी३६५. एकाची उंची ४.२५ इंच, दुसऱ्याची ४.३. जाडी दोघांची इंचाच्या आसपास, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मग त्यानं दोन्ही मॅगझिनं चटईवर उभी केली. डावीकडच्यावर बोट ठेवून म्हणाला, "सहा." उजवीकडच्यावर ठेवून म्हणाला, "दहा."

पुढे त्याला काही बोलावं लागलं नाही.

मी पत्र्याचा माणूस आहे. सांगलीत डिप्लोमा केला, काही वर्षं पुण्यात प्रेस शॉपमध्ये काढली आणि आता इथे मोटारींचे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या कारखान्यात आहे. पिस्तूल बाळगत नाही, बाळगायची हौसही नाही. पण ते दुसरं मॅगझिन हातात घेऊन उलटंसुलटं करून पाहताना मला जरा लाज वाटली. आत काहीही जादू नव्हती. पत्रा, स्प्रिंग, प्लास्टिकचा एक तुकडा. हे वीस वर्षांपूर्वीही करता आलं असतं. मग कुणी का केलं नाही?

हे प्रकरण त्या चार जादा गोळ्यांचं आहे. त्यातलं मुख्य पात्र मात्र सिग नव्हे, स्मिथ अँड वेसन आहे. या कंपनीनं सडपातळ पिस्तुलांचा बाजार २०१२ मध्ये खिशात घातला, २०१८ मध्ये दुसऱ्यानं तो पळवलेला पाहिला आणि त्याच भाषेत उत्तर द्यायला तीन वर्षं लावली. एवढं होऊनही ती बुडाली नाही.

कमरेला काय बोचतं

अमेरिकेत पिस्तूल लपवून बाळगायची सर्वात रुळलेली पद्धत म्हणजे होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) पँटीच्या आत, पट्ट्याला अडकवून खोचायचं आणि वरून शर्ट सोडायचा. नळी खाली पँटीत जाते, त्यामुळे लांबीचा त्रास वाटतो तेवढा होत नाही. त्रास दोन गोष्टींचा. एक, मुठीची उंची: माणूस वाकला की मुठीचं टोक शर्टावर उठतं. इथले लोक त्याला 'प्रिंट होणं' म्हणतात. आणि दुसरी जाडी. ती दिसत नाही, पण दिवसभर हाडाला लागते. गाडीत बसताना लागते, बुटाची नाडी बांधताना लागते. माझा सहकारी सांगायचा, जाड पिस्तूल पहिल्या आठवड्यात रोज लावतात, दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, आणि मग ते कपाटात जातं.

म्हणून या बाजारातलं खरं माप पाव इंचाचं. १९९५ मध्ये आलेलं ग्लॉक २६ हे बुटकं पिस्तूल १.१८ इंच जाड. २०१२ चं स्मिथ अँड वेसनचं शील्ड ०.९५ इंच. फरक पाव इंचालाही थोडा कमीच. तेवढ्यावर लाखो पिस्तुलं विकली गेली.

ही गिऱ्हाइकी आली कायद्यातून. १९८७ मध्ये फ्लोरिडानं नियम बदलला: अर्जदार अटींत बसला की परवाना द्यायचाच, अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. मग एकामागून एक राज्यं त्या वाटेनं गेली. आमचं ओहायो एप्रिल २००४ मध्ये आलं. न्यायालयानं कान धरल्यावर इलिनॉय २०१३ मध्ये आलं, अगदी शेवटी. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ब्रुएन निकालानं न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियासारख्या राज्यांची 'खास कारण दाखवा' ही अट मोडली. त्याच महिन्यात ओहायोनं परवान्याची सक्तीच काढून टाकली, आणि २०२४ पर्यंत अशी २९ राज्यं झाली.

लोक बंदूक कशासाठी घेतात तेही या काळात पालटलं. एबीसी न्यूज आणि वॉशिंग्टन पोस्टच्या पाहणीत १९९९ मध्ये बंदूकमालकांपैकी ४९ टक्के लोकांनी मुख्य कारण शिकार सांगितलं होतं आणि २६ टक्क्यांनी संरक्षण. २०१३ मध्ये प्यू या संस्थेच्या पाहणीत संरक्षण ४८ टक्क्यांवर गेलं आणि शिकार ३२ वर आली. शिकाऱ्याची रायफल वर्षातून दोन आठवडे बाहेर येते, तिथे वजनाची कुरकुर कोण करतो? संरक्षणासाठी घेतलेलं पिस्तूल रोज अंगावर वागवायचं असतं, आणि तिथे मिलिमीटर विकला जातो.

आपल्याकडच्या वाचकाला हे सगळं परग्रहावरचं वाटेल, आणि त्याला कारण आहे. भारतात ९ मिलिमीटरचं, म्हणजे वरच्या पिस्तुलांच्या मापाचं, पिस्तूल सामान्य परवानाधारकाला मिळतच नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये मोडतं. परवाना मिळालाच तर .३२ वर भागवायचं. अमेरिकेतसुद्धा एच-वन-बी व्हिसावरच्या आपल्या मंडळींना शिकारीचा परवाना वगैरे ठरावीक अपवाद सोडले तर बंदूक बाळगता येत नाही. नव्यानं आलेली मुलं मित्रांबरोबर हौसेनं रेंजवर जातात, त्यांना हे सांगून ठेवतो.

सहा-सातची सवय

एकेरी रांगेच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकावर एक रचलेली असतात, डब्यात पोळ्या रचाव्यात तशी. दुहेरी रांगेत ती आलटून-पालटून डावी-उजवीकडे बसतात. एकेरी म्हणजे सडपातळ आणि कमी गोळ्या, दुहेरी म्हणजे जाड आणि जास्त गोळ्या. ही विभागणी इतकी अंगवळणी पडली होती की तिच्यावर कुणी प्रश्नच विचारत नसे.

तिला खतपाणी घातलं १९९४ च्या केंद्रीय कायद्यानं. त्या सप्टेंबरपासून दहा वर्षं सामान्य माणसासाठी दहापेक्षा जास्त काडतुसांचं नवं मॅगझिन बनवायला बंदी होती. कारखानदारांनी सरळ विचार केला: दहाच ठेवायच्या असतील तर मोठं पिस्तूल विकायचं कशाला? ग्लॉक २६ त्यातूनच फोफावलं. बुटकं, दहा गोळ्यांचं, पण दुहेरी रांगेचं म्हणून जाड. त्याच सुमारास कार या कंपनीचं के९ आलं: पोलादी, देखणं, सडपातळ आणि महाग. पुढे २००६ मध्ये फ्लोरिडातल्या केल-टेकनं पीएफ-९ काढलं, जेमतेम ३६० ग्रॅमचं आणि स्वस्त. पण एवढ्या हलक्या पिस्तुलातून ९ मिलिमीटरची गोळी उडवली की तळहात चांगलाच झणझणतो. २००७ मध्ये वॉल्थरचं पीपीएस, २००८ मध्ये .३८० या कमी ताकदीच्या काडतुसाचं रुगर एलसीपी, २०११ मध्ये रुगर एलसी९. प्रत्येकाचे चाहते होते, आणि प्रत्येकाबद्दल एक 'पण' होता. कुणाचा ट्रिगर लांबलचक, कुणाची किंमत जास्त, कुणाचं काडतूस कमजोर.

एप्रिल २०१२ मध्ये स्मिथ अँड वेसननं शील्ड आणलं आणि यातले बरेचसे 'पण' एका फटक्यात काढून टाकले. शोध म्हणावा असं त्यात काहीच नव्हतं. पोलिसांना विकल्या जाणाऱ्या त्यांच्याच एम अँड पी पिस्तुलाची ती रोडावलेली धाकटी बहीण. काडतुसावर आघात करणारा स्ट्रायकर तसाच, तसाच हाताला ओळखीचा वाटणारा ट्रिगर, मुठीचा कोन तोच. सोबत दोन मॅगझिनं, एक सात काडतुसांचं, एक आठचं. छापील किंमत ४४९ डॉलर. पोलिसात असलेला माणूस सुट्टीच्या दिवशी तेच पिस्तूल छोट्या मापात लावू शकत होता. त्याचं पाहून त्याचा शेजारी घेत होता.

गिऱ्हाईक गमावणं म्हणजे काय, हे या कंपनीइतकं कुणाला ठाऊक नसेल. १८५२ पासूनचा हा धंदा. २००० साली तिनं क्लिंटन सरकारशी सुरक्षा आणि विक्रीच्या अटींचा करार केला, आणि बंदूकवाल्यांनी तिच्यावर असा बहिष्कार टाकला की ज्या ब्रिटिश मालकांनी ती १९८७ मध्ये ११.२५ कोटी डॉलरला घेतली होती, त्यांनी २००१ मध्ये अवघ्या दीड कोटीला, वर कर्ज गळ्यात घालून, विकून टाकली. त्यानंतर ती गिऱ्हाइकाचा कल पाहूनच पाऊल टाकू लागली. शील्ड हे त्या सावधपणाचंच फळ आहे: कुणालाही न बिचकवणारं, मधल्या किमतीचं, प्रत्येक दुकानात असणारं.

ऑगस्ट २०१३ मध्ये ठेच लागली. ट्रिगरमधल्या एका पिनमुळे खाली पडल्यावर गोळी सुटू न देणारी सुरक्षा निकामी होऊ शकते, असं कंपनीला आढळलं आणि तोवर बनलेली सगळी शील्ड तपासून घ्या अशी सूचना तिनं काढली. गंमत म्हणजे त्याच महिन्यात स्प्रिंगफील्ड आर्मरीनं आपलं सडपातळ एक्सडी-एस परत बोलावलं. त्यामुळे शील्डवर रुसलेल्या गिऱ्हाइकाला जायला फारशी जागाही नव्हती. विक्री पुन्हा चढली आणि काही वर्षांतच दहा लाखांचा आकडा ओलांडून गेली.

वरातीमागून घोडं

ग्लॉक या वरातीत फार उशिरा आलं. लोक वर्षानुवर्षं एकेरी रांगेचं ९ मिलिमीटर मागत होते. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीनं ग्लॉक ४२ दाखवलं, पण .३८० चं. दुकानदारांनी कपाळावर हात मारला. १९६८ च्या कायद्यानुसार परदेशी पिस्तुलाला आकार, वजन, काडतूस अशा बाबींवर गुण मिळवावे लागतात, आणि इतकं छोटं .३८० त्या गुणांत बसत नाही. म्हणून ऑस्ट्रियाच्या या कंपनीनं ते जॉर्जियातल्या स्मर्ना इथे, अमेरिकेच्या हद्दीतच बनवलं. ९ मिलिमीटरचं ग्लॉक ४३ आलं २०१५ मध्ये, शील्डनंतर तीन वर्षांनी. जाडी १.०२ इंच आणि मॅगझिनमध्ये सहा. म्हणजे उशिरा येऊन शील्डपेक्षा एक गोळी कमीच.

तरी ते धडाधड विकलं गेलं, कारण नावावर विकणाऱ्यांत ग्लॉकचा हात कुणी धरू शकत नाही. त्यानंतर एक गोष्ट घडली, आणि मला वाटतं साऱ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. बाहेरच्या छोट्या कारखान्यांनी ग्लॉक ४३ च्या मॅगझिनच्या तळाशी लावायच्या जाड चकत्या विकायला काढल्या. एक चकती लावली की दोन काडतुसं जास्त. मूठ तेवढी खाली वाढायची आणि शर्टावर उठायची. तरी लोकांनी त्या घेतल्या. ज्या उंचीसाठी पिस्तूल घेतलं तीच उंची लोक पदरचे पैसे मोडून वाढवत होते. सहा कमी आहेत, हे गिऱ्हाईक कंपनीला यापेक्षा मोठ्यानं कसं सांगणार?

ऐकू सगळ्यांना गेलं असणार. पण सगळ्या मोठ्या कंपन्यांचं उत्तर एकच होतं: सडपातळ हवं असेल तर सहा-सात, जास्त हव्या असतील तर जाड घ्या.

जाडी कुणी खाल्ली

आता थोडं गणित. शाळेतलंच आहे, वेगळं काही नाही.

सहकाऱ्याच्या घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर मी एक काडतूस व्हर्नियरमध्ये धरलं होतं. बुडाशी व्यास ९.९ मिलिमीटर. हिशेबाला सोपं म्हणून १० धरू. एकेरी रांगेत सहा काडतुसं रचली की उंची झाली ६० मिलिमीटर. आता प्रत्येक काडतूस खालच्याच्या अगदी डोक्यावर न ठेवता ८ मिलिमीटर बाजूला सरकवा. दोन्ही काडतुसं एकमेकांना टेकलेली, म्हणजे केंद्रांतलं अंतर १०. बाजूला ८ गेलं तर वर किती उरलं? सहा-आठ-दहाचा त्रिकोण, पायथागोरसचा. वर फक्त ६. दहा काडतुसांची उंची होते १० अधिक नऊ वेळा ६, म्हणजे ६४ मिलिमीटर. सहा मावत होती जवळपास तेवढ्यातच दहा.

रुंदी अर्थात वाढते. आतली पोकळी १० ऐवजी १८ झाली. तिला दोन्ही बाजूंनी मिलिमीटरच्या आतला पोलादी पत्रा लावा, तरी वीसच्या आत राहते. त्याबाहेर मुठीच्या प्लास्टिकच्या भिंती, दोन-अडीच मिलिमीटरच्या. पंचविसाच्या आसपास येऊन थांबलो. एक इंच! हा माझा ढोबळ हिशेब आहे, सिगच्या ड्रॉइंगवरून काढलेला नाही. शिवाय वरच्या टोकाला दोन्ही रांगा एकत्र येताना उंचीतला थोडा भाग खर्ची पडतो. पण त्यातून दिसायचं ते दिसतं. जुन्या दुहेरी रांगेच्या पिस्तुलांत जाडी काडतुसांनी खाल्ली नव्हती. भिंतींनी खाल्ली होती. ग्लॉकच्या मॅगझिनला पत्र्यावरून प्लास्टिकचं जाड आवरण असतं. ते दणकट आहे, पडलं तरी वाकत नाही, स्वस्तात साच्यातून निघतं. पण दोन्ही बाजूंचं ते आवरण, त्यावर मुठीची भिंत, असं करत करत पाच-सहा मिलिमीटर तिथेच जातात. पाव इंच.

याचा पुरावा पुढे ग्लॉकच्याच दारात मिळाला. जानेवारी २०१९ मध्ये ग्लॉकनं ४३एक्स काढलं, जवळपास पाऊण इंच उंच मूठ असलेलं, दहा काडतुसांचं. मोंटानातल्या शील्ड आर्म्स नावाच्या छोट्या कंपनीनं त्याच मुठीत बसणारं पातळ पोलादी मॅगझिन बनवलं. (नावावरून गोंधळू नका, स्मिथ अँड वेसनच्या शील्डशी तिचा काही संबंध नाही.) तीच मूठ, तोच खड्डा, आणि आत पंधरा. नुसतं प्लास्टिकचं अस्तर काढलं तर पाच गोळ्यांची जागा निघाली. आमच्या शॉपमध्ये एखाद्या मुकादमानं इतकी जागा वाया घालवली असती तर सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याची खैर नव्हती.

सिगनं जानेवारी २०१८ मध्ये लास व्हेगासच्या शॉट शो या बंदूकधंद्याच्या प्रदर्शनात पी३६५ दाखवलं तेव्हा केलं ते एवढंच. आधी मॅगझिन ठरवलं आणि त्याच्याभोवती मूठ बेतली. छापील किंमत ५९९ डॉलर, शील्डपेक्षा बरीच चढी. नाव ३६५ यासाठी की वर्षाचे सगळे दिवस लावता यावं. दहा हा आकडाही हिशेबी होता. १९९४ चा केंद्रीय कायदा २००४ मध्ये संपला असला तरी न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, मेरीलँड अशा राज्यांत दहाची मर्यादा आहेच. जिथे दहाच चालतात तिथे हे पिस्तूल पुरेपूर भरलेलं, आणि जिथे मर्यादा नाही तिथे बारा आणि पंधराची मॅगझिनं जोडून विकता येतात. योगायोग म्हणजे स्मिथ अँड वेसनचं मूळ गाव स्प्रिंगफील्ड मॅसॅच्युसेट्समध्येच. स्वतःच्या अंगणात दहाची मर्यादा असलेल्या कंपनीला दहाचा मोह व्हायला इतका वेळ लागावा, हे नवलच.

पी३६५ ची सुरुवात मात्र निर्विघ्न नव्हती. पहिल्या काही महिन्यांतल्या पिस्तुलांत फायरिंग पिन तुटल्याच्या आणि ट्रिगरची स्प्रिंग जागा सोडत असल्याच्या तक्रारी जाहीरपणे होऊ लागल्या, आणि सिगनं ते भाग बदलले. एरवी अशा बोभाट्यानं नवं पिस्तूल मेलंच असतं. हे टिकलं, कारण गिऱ्हाइकाला दुसरीकडे कुठे दहा मिळत नव्हत्या.

तीन वर्षं

आता स्मिथ अँड वेसनच्या खुर्चीत बसून पाहू. त्या वेळी कंपनीचं नावही अमेरिकन आउटडोअर ब्रँड्स झालं होतं. चाकू, टॉर्च, कॅम्पिंगचं सामान असा पसारा वाढला होता. एप्रिल २०१७ मध्ये संपलेल्या वर्षात तिची विक्री ९० कोटी डॉलर होती. पुढच्या वर्षी ती ६१ कोटींच्या आत आली. कारण साधं होतं. नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रम्प निवडून आले, बंदीची भीती गेली आणि भीतीपोटी होणारी खरेदीही गेली. मालाचा साठा अंगावर पडलेला, शील्डवर खरेदीदाराला पैसे परत द्यायच्या योजना चालू. अशात नव्या मुठीचे साचे, नवं मॅगझिन, नव्या चाचण्या यांवर पैसे घाला असं कोण म्हणेल?

आणि नेमक्या याच मोसमात कंपनीनं शील्डची सुधारित आवृत्ती बाजारात आणली होती, एम२.० नावानं. ट्रिगर सुधारलेला, मुठीची पकड खरखरीत. मॅगझिन तेच, सात आणि आठ. ती दुकानांत लागत होती तेव्हाच शेजारी पी३६५ येऊन बसलं. माझ्या मते चूक कुठे झाली असेल तर ती या एका ठिकाणी. नंतरचा उशीर समजण्यासारखा आहे. पण आवृत्ती बदलायला साचे उघडले होते, तेव्हा तळाला लावायच्या त्या चकत्या दुकानादुकानांत टांगलेल्या होत्या, आणि कंपनीनं खरखरीत मूठ निवडली.

ती झोपलेली मात्र नव्हती. २०१८ मध्येच तिनं शील्ड ईझी काढलं, आधी .३८० मध्ये आणि २०२० मध्ये ९ मिलिमीटरमध्ये. एकेरी रांग, आठ काडतुसं, पण स्लाइड मागे ओढायला खूप हलकी आणि मॅगझिन भरायला सोपं. छोट्या पिस्तुलांची स्प्रिंग इतकी कडक असते की संधिवात असलेल्या माणसाला ती ओढवत नाही. या लोकांकडे बाकी कुणीच पाहत नव्हतं. सिग गोळ्या मोजत होतं, तर स्मिथ अँड वेसननं मनगटांचा विचार केला. हे मला पी३६५ पेक्षा कमी हुशारीचं वाटत नाही, फक्त त्याचा गाजावाजा झाला नाही.

तोवर इतरांनी घाई केली. सप्टेंबर २०१९ मध्ये स्प्रिंगफील्ड आर्मरीनं क्रोएशियात बनणारं हेलकॅट आणलं, मॅगझिनमध्ये अकरा. एक गोळी जास्त म्हणून जाहिरातीत केवढा गजर! मग २०२० उजाडलं. साथ, दंगली, निवडणूक. आमच्या गावातल्या त्या दुकानात काचेखालची कपाटं रिकामी पडली आणि दारावर 'गोळ्या नाहीत' अशी पाटी लागली. देशात २०१८ मध्ये सुमारे ३९ लाख पिस्तुलं बनली होती, २०२१ मध्ये ६७ लाखांच्या वर. अशा पुरात सहाचं काय, दहाचं काय, जे तयार असेल ते विकलं जातं. जुनं शील्डही विकलं गेलं. एप्रिल २०२१ ला संपलेल्या वर्षात स्मिथ अँड वेसनची विक्री १०५ कोटी डॉलरच्या वर होती, आणि तीही कॅम्पिंगचा पसारा वेगळा करून टाकल्यावर. तीन वर्षांचा उशीर या पुराखाली झाकला गेला. याला धोरण म्हणायचं की नशीब, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी नशीब म्हणेन.

मार्च २०२१ मध्ये शील्ड प्लस आलं. दहाचं आणि तेराचं मॅगझिन, जाडी १.१ इंच. त्याच महिन्यात रुगरचं मॅक्स-९, मे महिन्यात टॉरसचं जीएक्स४, अकरा गोळ्यांचं आणि स्वस्त. ९ मिलिमीटरच्या नव्या पिस्तुलांत एकेरी रांगेचा हट्ट तिथे संपला. पुढे तोच मॅगझिनचा डाव .३८० पर्यंत उतरला: रुगरचं एलसीपी मॅक्स, २०२४ मध्ये स्मिथ अँड वेसनचं बॉडीगार्ड २.०, दोन्हींत दहा.

शील्ड प्लसमध्ये माझ्या दृष्टीनं सर्वात शहाणपणाची गोष्ट म्हणजे त्यांनी काय बदललं नाही ती. नळी तीच ३.१ इंचाची, उंची तीच, लांबी तीच. जाडी वाढली ती मुठीत, पट्ट्याच्या वर. होल्स्टर पिस्तुलाला पकडतं स्लाइड आणि ट्रिगरच्या आसपास, तिथे फरक नगण्य. नऊ वर्षांत लाखो लोकांनी शील्डसाठी होल्स्टरं घेतली होती, त्यांतली बहुतेक चालू राहिली. इथे एक होल्स्टर पन्नास-साठ, कधी शंभर डॉलरला पडतं, आणि मनासारखं सापडेपर्यंत माणूस तीन-चार तरी घेतो. नको झालेली सगळी एका खोक्यात पडून असतात.

माझ्या सहकाऱ्याचं तसं एक खोकं होतं. २०१८ मध्ये तो पी३६५ हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला होता आणि न घेता परतला होता, कारण घरी शील्ड होतं आणि त्याला साजेसं सगळं सामानही. २०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही परत त्याच दुकानात गेलो. या खेपेला त्यानं जुनं शील्ड बदली द्यायला आणलं होतं आणि कमरेला त्याचं रिकामं होल्स्टर. काउंटरवरच्या माणसानं पूर्वीसारखीच चटई पसरली, शील्ड प्लसचा चेंबर दाखवला आणि पिस्तूल त्याच्या हाती दिलं. त्यानं होल्स्टर कमरेवरून सोडवून चटईवर ठेवलं आणि पिस्तूल त्यात सरकवलं. टक असा आवाज आला. त्यानं किंमत विचारली नाही, फॉर्म मागितला.

तो फॉर्म भरत होता तेव्हा जुनं शील्ड वापरलेल्या मालाच्या कपाटात जाऊन बसलं. पंधरा मिनिटांनी साठीच्या घरातल्या एका बाई तिथे थांबल्या. दुकानदारानं त्यांना जुनं-नवं दोन्ही दाखवलं, सात आणि दहा असं बोटावर मोजूनही सांगितलं. बाईंनी दोन्ही आळीपाळीनं मुठीत धरून पाहिली, मग आपल्या स्वेटरखाली कमरेशी एकेक लावून पाहिली.

"हे पातळ आहे," म्हणाल्या आणि जुनं घेतलं.